सेंडॉफबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न (दहावी-बारावी, गोवा)

जानेवारी उजाडला की माझ्या व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न सुरू होतात. नववीची पोरं विचारतात, दहावीच्या आया विचारतात, दुसऱ्या शाळेतल्या नवीन लागलेल्या टीचर विचारतात, आणि मी दर वर्षी तेच तेच टाईप करत बसते, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवते. मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलात मराठी शिकवते, सेंडॉफची जबाबदारी कित्येक वर्षं माझ्याच गळ्यात आहे (दुसरं कोणी घेतच नाही), आणि माझं स्वतःचं शिक्षण फोंड्याकडचं, त्यामुळे खुर्चीवर बसून पण बघितलंय आणि खुर्च्या लावताना पण. शाळेचं नाव विचारू नका, खाली आमच्याच चुका लिहिल्यात.

सेंडॉफ, फेअरवेल, निरोप समारंभ, शुभेच्छा समारंभ, सोशल... हे सगळं एकच का?

जवळजवळ. पत्रिकेवर 'शुभेच्छा समारंभ' छापतात, कारण 'निरोप' म्हटलं की हेडमास्तरांना ते अशुभ वाटतं. पोरं 'सेंडॉफ' म्हणतात. इंग्लिश मीडियमवाले आणि हायर सेकंडरीवाले 'फेअरवेल' म्हणतात. 'सोशल' मात्र वेगळं, सोशल म्हणजे नाच, म्युझिक, संध्याकाळ, तो जास्त करून हायर सेकंडरी आणि कॉलेजचा प्रकार, आणि त्याची गल्लत 'सोशल गॅदरिंग'शी करू नका, ते डिसेंबरमधलं स्नेहसंमेलन, त्यात नाटुकली आणि बक्षीस वाटप असतं. महाराष्ट्रातून बदली होऊन आलेले पालक इथे हमखास गोंधळतात. त्यांच्याकडे अकरावी-बारावी म्हणजे ज्युनिअर कॉलेज, आमच्याकडे हायर सेकंडरी स्कूल, म्हणजे बारावीचा पोरगा पण शाळेतच, युनिफॉर्मवरच.

मग खरा सेंडॉफ कुठला, दहावीचा का बारावीचा?

माझ्या मते दहावीचा. बारावीला पोरं दोनच वर्षं एकत्र असतात आणि त्यातली निम्मी क्लासला पळत असतात. दहावीची पोरं पाचवीपासून, काही तर केजीपासून एका बाकावर बसलेली असतात. दहावी झाली की एक सायन्सला म्हापशाला, एक कॉमर्सला सांखळीला, एक व्होकेशनलला, एक आयटीआयला, आणि मग भेट होते ती थेट चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) बाजारात नाहीतर जत्रेत. म्हणून रडारड दहावीला जास्त.

आणि एक सेंडॉफ असतो ज्याबद्दल कोणीच विचारत नाही, गावातल्या सरकारी प्राथमिक शाळेतला चौथीचा. माझी मावशी अशा शाळेत होती. एका वर्षी चौथीत दोनच पोरं होती. दोन गुलाब, दोन कंपास पेट्या, आणि शिऱ्याचा टोप मात्र पूर्ण वाड्याला पुरेल एवढा.

कधी ठेवायचा?

पूर्वी आरामात फेब्रुवारीच्या शेवटी व्हायचा. आता तसं नाही. बारावीचे पेपर फेब्रुवारीतच सुरू होतात, दहावीचे २०२५ ला १ मार्चलाच सुरू झाले, आणि त्याच वर्षीपासून नवीन शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये धरायला लागले, त्यामुळे सगळं अलीकडे आलंय. बारावीचा जानेवारीत उरकून घ्या. दहावीचा प्रीलिमनंतर आणि अभ्यासाची सुट्टी पडायच्या आधी, म्हणजे जानेवारी अखेर ते फेब्रुवारीचा पहिला-दुसरा आठवडा. प्रीलिमचे पेपर वाटायच्या आधी घेतला तर उत्तम, वाटल्यावर घेतला तर अर्ध्या वर्गाचा चेहरा पडलेला असतो आणि फोटो खराब येतात.

तारीख ठरवताना कॅलेंडरवर दोन गोष्टी बघायच्या. एक कार्निव्हाल, शनिवार ते मंगळवार असे चार दिवस, त्यात पोरं मिळणार नाहीत. दोन, त्या मंगळवारनंतर लगेच बुधवारपासून ख्रिस्ती लोकांचा कोरेज्म लागतो, चाळीस दिवसांचा उपास. त्यात मिशनरी शाळा तर नाचगाणं ठेवतच नाहीत, पण आपल्या शाळेत पण दोन-चार ख्रिस्ती पोरं असतातच, आणि त्यातलं एखादं तरी पोरगं घरून 'यंदा नाचू नको' असं ऐकून आलेलं असतं. आम्ही एकदा नेमका त्या बुधवारी, म्हणजे ॲश वेन्सडेला, ठेवला होता, मेनूत चिकन पॅटीस. एका पोरीने पॅटीस हातात धरून ठेवला, खाल्ला नाही, कोणाला दिला पण नाही, टाकायला लाज वाटली असावी, शेवटी दप्तरात घातला. मी विचारलं तेव्हा कळलं. आता आमच्याकडे सेंडॉफचा मेनू सरसकट शाकाहारी, वादच नको.

शिगमो, म्हणजे शिमगा, त्यानंतर येतो, तेव्हा पोरं पेपर लिहीत असतात आणि बाहेर ढोल वाजत असतात. त्याला इलाज नाही.

सकाळी का संध्याकाळी?

सकाळी. शनिवारी नऊला सुरू, साडेबाराला संपलं पाहिजे. कारण बालरथ, म्हणजे शाळेची बस. संध्याकाळी ठेवला की पोरांना परत सोडायचं कोणी हा प्रश्न येतो, सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावांना रात्री कदंब (सरकारी बस) मिळत नाही, मग बाप रात्री नऊला स्कूटर घेऊन गेटवर उभा.

कोण कोणाला देतं? पैसे कोण भरतं?

नववी दहावीला देते, अकरावी बारावीला. हे एकदा नीट समजून घ्या, कारण बाकीचे सगळे घोळ इथूनच सुरू होतात. देणारी नववी आहे, म्हणजे चौदा वर्षांची पोरं. ती वर्गणी काढणार, फुगे फुगवणार, निवेदन करणार, खुर्च्या लावणार, नंतर झाडू पण तीच मारणार. तर सेंडॉफ एवढाच मोठा असावा जेवढा नववीच्या पोरांना पेलेल. आमच्याकडे गेल्या वेळी नववीने डोई शंभर काढले, त्यात सामोसा, केक, पेनं आणि सजावट सगळं बसलं, वर पन्नास रुपये उरले त्याची त्यांनी चॉकलेटं खाल्ली, ती त्यांची हक्काची.

आता होतं काय, पीटीएतल्या (पालक-शिक्षक संघातल्या) एक-दोन उत्साही आया पुढे येतात, म्हणतात 'टीचर आम्ही करतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका', आणि मग बॅकड्रॉप येतो, फोटोबूथ येतो, डीजे येतो, फुग्यांची कमान भाड्याने येते, आणि डोई शंभरचे हजार होतात. ज्याचा बाप खाणी बंद पडल्यापासून घरी बसलाय त्याने काय करायचं? तो पोरगा त्या दिवशी 'ताप आला' सांगतो. आमच्या भागात २०१२ ला खाणी पहिल्यांदा थांबल्या, मग २०१८ ला परत, आणि त्या वर्षांत मी हे डोळ्यांनी बघितलंय, अगदी हुशार, बोलकी पोरं सेंडॉफलाच तेवढी गैरहजर. दुसरं म्हणजे, आयांनी केलेल्या सेंडॉफमध्ये नववीची पोरं भिंतीला टेकून मोबाईल बघत बसतात, त्यांना करायला काही उरतच नाही. पुढच्या वर्षी त्यांना वाटतं आपल्याला पण कोणीतरी असंच करून देणार.

आयांना करायचंच असेल तर एक करा, सामोसे घरी तळा.

कार्यक्रम नेमका कसा असतो? आम्ही पहिल्यांदाच करतोय.

घाबरू नका, साचा ठरलेला आहे. सरस्वतीचा फोटो, समई, पाहुणे नाहीत (पाहुणे बोलावूच नका, आमदार आला की दोन तास गेले). हेडमास्तर दीप लावतात, फॅनमुळे समई विझते, कोणीतरी फॅन बंद करायला धावतं, मग सगळे घामाघूम. ईशस्तवन. नववीचा एक पोरगा प्रास्ताविक करतो, त्यात 'आजचा दिवस आमच्यासाठी सुखाचाही आहे आणि दुःखाचाही' हे वाक्य येतंच, मी किती वर्षं खोडतेय, तरी येतं. मग दहावीतले दोघं-तिघं मनोगत, क्लास टीचर, एक विषय शिक्षक, हेडमास्तर. भाषणं एकूण पाऊण तासाच्या वर जाऊ देऊ नका. मग नववीची गाणी, एखादी फुगडी, आणि आमच्याकडे आता दोन-तीन वर्षं घुमट आरती असते, म्हणजे घुमट या मातीच्या चर्मवाद्यावर म्हटलेली आरती. पोरं घुमट आणि शामेळ (तेही तालवाद्यच) घेऊन येतात, कांसाळं (झांज) शाळेचंच आहे. घुमट २०१९ ला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं, पण आमच्या पोरांना ते सांगावं लागत नाही, ती चवथीला घरोघर वाजवतात. हॉलमध्ये मात्र ते अंगावर येतं. पत्र्याचं छप्पर असेल तर दारं उघडी ठेवा.

मग शेलापागोटे, मग खेळ, मग खाणं, मग शाळेला भेट, शेवटी पेनं वाटप आणि ग्रुप फोटो. फोटो खरंतर सुरुवातीला काढा. शेवटी काढला की काजळ गालावर आलेलं असतं आणि मागच्या रांगेतले दोघं गायब असतात.

शेलापागोटे म्हणजे काय? फिशपाँडच का ते?

हो, फिशपाँडच. आमच्या पोरांना 'शेलापागोटे' शब्द मी शिकवला, आता तीच मला दुरुस्त करतात. शेला आणि पागोटं देऊन मान करायचा, तसा इथे शब्दांनी मान करायचा आणि हळूच एक चिमटा काढायचा. एक मडकं किंवा खोका ठेवायचा, नववीच्या पोरांनी दहावीतल्या प्रत्येकासाठी एक ओळ लिहून टाकायची, त्या दिवशी ते वाचलं जातं आणि ज्याच्या नावाने आलं त्याने उठून पुढे येऊन चिठ्ठी आणि एक चॉकलेट घ्यायचं.

चांगला शेलापागोटा म्हणजे तो ज्याच्यावर आहे तोच सगळ्यात आधी हसतो. आमच्याकडचे काही, नावं काढून:

रोज उशिरा येणाऱ्याला, 'बालरथ चुकला, कदंब चुकली, प्रार्थना तर चुकायचीच होती!'

वही न आणणाऱ्याला, 'टीचर, वही घरी राहिली... पाचवीपासून तिथेच आहे.'

दुसऱ्यांचे डबे खाणाऱ्याला, 'दुसरा तास गणिताचा, डबा मात्र शेजाऱ्याचा.'

तोंड बंद न होणाऱ्या एका पोरीला, 'मोपाला विमान उतरायचं थांबेल, हिची टेप थांबायची नाही.' ती आता रेडिओवर निवेदन करायचं म्हणते, करेल पण.

आता काय लिहायचं नाही ते ऐका. रंग, जाडी, उंची, तोतरेपणा, बापाचा धंदा, जात, मार्क, आणि कोणाचं कोणाशी जुळवणं. हे मी पुस्तकी सांगत नाही. एका वर्षी माझ्याकडे चिठ्ठ्या आदल्या दिवशी आल्या, पेपर तपासायचे होते म्हणून मी त्या वाचल्या नाहीत, म्हटलं पोरंच आहेत, काय लिहिणार. दुसऱ्या दिवशी स्टेजवर मीच वाचत होते. एका पोराच्या नावाची चिठ्ठी, त्याची आई मासळी विकते, त्यावरून वासाबद्दल दोन ओळी यमक जुळवून. वाचताना पहिल्या ओळीला मला कळलंच नाही, दुसरी ओळ तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं. हॉल हसला. तो उठला, पुढे आला, माझ्या हातातून चिठ्ठी घेतली, चॉकलेट नाही घेतलं, आणि सरळ बाहेर सायकल स्टँडकडे गेला. मी कार्यक्रम थांबवून मागे गेले. तो सायकलची चेन बघत होता, चेनला काही झालेलं नव्हतं. मी सॉरी म्हटलं, तो म्हणाला 'टीचर तुम्ही जावा, लोक थांबलेत'. आत नाही आला. तेव्हापासून प्रत्येक चिठ्ठी मी दोन दिवस आधी वाचते, आणि शंका आली की फाडते, चर्चा नाही.

टीचर लोकांवर पण शेलापागोटे ठेवा हवं तर. माझ्यावर आलेला, 'ऱ्हस्व-दीर्घ सुटलं तर सुटलं, टीचरच्या हातून पोरगं सुटलं नाही.'

निवेदन कुठल्या भाषेत करायचं? आमच्यात यावरून भांडण झालंय.

सगळीकडे होतं. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं का नाही यावर जनमत कौल झाला, १९८७ ला राजभाषा कायदा आला, कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीला पण सरकारी कामात जागा मिळाली, आणि तरीही नववी 'ब' मध्ये दर फेब्रुवारीत हा विषय नव्याने निघतो. आमच्याकडे प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. फळ्यावर इंग्लिशमध्ये 'फेअरवेल' लिहितात कारण ती अक्षरं फुग्यांची मिळतात. निवेदन मराठीत, कारण वहीत लिहून आणलेलं असतं. माईक बंद पडला की 'आरे वायर पळय मरे' (अरे वायर बघ रे) कोंकणीत. आणि मनोगत, ते मराठीत सुरू होतं, 'आदरणीय मुख्याध्यापक, शिक्षकवृंद', आणि जिथे गळा दाटतो तिथून पुढे कोंकणी. मागे एक पोरगी दीड पान मराठी वाचून 'आनी... हांव किदें सांगूं' (आणि... मी काय सांगू) म्हणाली आणि बसली, ते तिचं सगळ्यात चांगलं वाक्य होतं.

तर भांडू नका. लिहिलेलं मराठीत, बाकी जे येईल ते. मराठीची टीचर हे सांगतेय, म्हणजे बघा.

साडी कंपल्सरी आहे का?

नाही हो. कोणी केली कंपल्सरी? बारावीला साडी-ब्लेझर चालतं, दहावीला आम्ही 'पारंपरिक' एवढंच लिहितो, म्हणजे पंजाबी ड्रेस पण चालतो आणि कुर्ता पण. पोरींना हौस असते, आईची नाहीतर आजीची साडी नेसून येतात, आजीची असेल तर ब्लाउजला चार सेफ्टी पिना. हल्ली लाल-पांढऱ्या चौकडीची कुणबी साडी बऱ्याच जणी नेसतात. ती पूर्वी शेतात काम करणाऱ्या बायकांची, गुडघ्यापर्यंत नेसायची साडी, वेंडेल रॉड्रिक्स या डिझायनरने २०१० च्या सुमाराला तिला परत पुढे आणलं आणि आता तीच साडी दुकानात पाच पट भावाने मिळते. कोणाच्या घरी पेटीत जुनी असेल तर विकत घेऊ नका, ती काढा.

नवीन साडी, नवीन सँडल, दोन्ही एकत्र नको. सँडल हातात घेऊन पायऱ्या उतरणाऱ्या पोरी मी दर वर्षी मोजते.

मेनू?

सामोसा, वेफर्स, केकचा तुकडा, सरबत. संपलं. कोकम सरबत ठेवा, स्वस्त पडतं आणि फेब्रुवारीच्या उन्हात बरं वाटतं. कोणाला पाव-भाजी हवी असेल तर गोव्याची पातळभाजी आणि पाव ठेवा, पोदेराला (पाववाल्याला) आदल्या दिवशी सांगून ठेवायला लागतं, सकाळी सातला सांगितलं तर दीडशे पाव मिळणार नाहीत. पण पातळभाजी साडीवर सांडते, हे पण सांगून ठेवते.

शर्टावर सह्या करू द्यायच्या का?

सेंडॉफच्या दिवशी नाही! बोर्डाच्या पेपरला याच युनिफॉर्मवर जायचंय, तेही बहुतेक दुसऱ्या शाळेतल्या सेंटरवर, तिथे 'मिस यू बबलू' लिहिलेला शर्ट घालून बसणार का? सह्या शेवटच्या पेपरच्या दिवशी, तेही सेंटरच्या गेटबाहेर, दुसऱ्यांच्या भिंतीला मार्कर लावायचा नाही. आणि शर्टच्या आत एक जाड पुठ्ठा धरा, नाहीतर शाई अंगावर उतरते. एकच शर्ट खराब करा, दुसरा धुवून शाळेत आणून द्या, नवीन वर्षाला कोणालातरी लागतो.

स्लॅम बुक अजून आहे का विचारता? आहे, पण पोरं आता त्यात 'इन्स्टा आयडी' असा रकाना काढतात. आवडता रंग, आवडता पदार्थ, पहिली भेट, सगळं तेच. माझं स्वतःचं अजून माहेरी कपाटात आहे, त्यात एकीने 'आवडता खेळ: झोप' लिहिलंय.

शाळेला भेट काय द्यायची?

घड्याळ देऊ नका. कृपा करा. आमच्या ऑफिसात पाच घड्याळं आहेत, पाच बॅचची, खाली सोनेरी अक्षरात वर्ष लिहिलेलं, आणि पाचही वेगवेगळी वेळ दाखवतात, त्यातली दोन बंद आहेत पण काढायची कशी, बॅच येऊन बघते.

झाड पण फेब्रुवारीत लावू नका. फोटो छान येतो, मग एप्रिल-मे कडक ऊन, पाणी घालायला कोणी नाही, पावसापर्यंत काठी उरते. रिझल्ट, मार्कशीट सगळं हातात आल्यावर जूनमध्ये या आणि लावा, भिरंड (कोकम) लावा, आंबा लावायचा तर मानकुराद लावा. बाकी सिलिंग फॅन, पाण्याचा फिल्टर, माईकची चांगली वायर (वर वाचलंत ना), लायब्ररीला पुस्तकं. एका बॅचने पोरींच्या टॉयलेटच्या दाराची कडी बदलून दिली आणि आत एक हूक लावून दिलं दप्तर अडकवायला. नाव कुठेच लिहिलं नाही. माझ्या लेखी सगळ्यात उत्तम भेट तीच.

आपण पण अमेरिकेसारखं प्रॉम आणि काळे गाऊन-टोप्या ठेवूया का?

रील बघून आलात ना? त्यांच्याकडे बारावीच्या पोरांना सीनिअर म्हणतात, एप्रिल-मेमध्ये प्रॉम असतो, जोडीने जायचं, मग मे-जूनमध्ये ग्रॅज्युएशन, गाऊन घालून स्टेजवर, टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे करायचा आणि मग टोपी हवेत उडवायची. ते टोपी उडवणं पण मुळात शाळेतलं नाही, ॲनापोलिसच्या नेव्हल अकॅडमीत १९१२ ला सुरू झालं, तिथल्या पोरांना पदवीबरोबर ऑफिसरची नवी टोपी मिळाली, जुनी कशाला हवी, म्हणून उडवली. म्हणजे त्यांना जुनी टोपी खरंच नको होती. आपण भाड्याने आणलेली टोपी उडवणार आणि एक हरवली की डिपॉझिट जाणार.

आणि जोडीने नाचायचा प्रकार गोव्याला नवीन थोडाच आहे. सासष्टीत, बार्देशात सोशल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत, लाईव्ह बँड, आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसून लक्ष ठेवणाऱ्या मावश्या. हवं तर तो ठेवा, मावश्यांसकट.

त्यांची एक गोष्ट मला आवडते, इयरबुक. सगळ्या वर्गाचे फोटो आणि एकेक ओळ असलेलं पुस्तक. ते आपण झेरॉक्सवर करू शकतो, एकीने अक्षर काढायचं, एकाने स्टेपल मारायचं.

सेंडॉफनंतर बीचवर जायचंय. पालक नाही म्हणतात.

मी पण नाही म्हणते, पण जाणारच असाल तर दोन गोष्टी ऐका. दहावी-बारावीच्या बहुतेकांकडे लायसन्स नसतं. २०१९ च्या सुधारणेनंतर अल्पवयीन पोराने नियम मोडून गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. म्हणजे काकाची ॲक्टिव्हा घेऊन गेलात तर काका अडकतो. कदंबने जा.

पाण्याचं, लाल झेंडा म्हणजे उतरायचंच नाही, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला पट्टा पोहायला. दृष्टी कंपनीचे जीवरक्षक २००८ पासून किनाऱ्यांवर आहेत, ते शिट्टी मारतात तेव्हा 'आम्ही गोंयकार' सांगू नका. डिचोलीच्या पोराला नदीत पोहता येतं म्हणून समुद्रात येतं असं नाही, दर्या वेगळा. आणि बाटली घेऊन जायचा विचार असेल तर मला या पानावरून काही विचारू नका.

आजोबा म्हणतात आमच्या वेळी असलं काही नव्हतं. खरंय का?

बरंचसं खरंय. पोर्तुगीज काळात मराठी शाळा म्हणजे देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) नाहीतर कोणा भाटकाराच्या (जमीनदाराच्या) ओसरीवर, एक मास्तर, बहुतेक वेळा सावंतवाडीकडून आलेले, आणि पोरगं शाळा सोडायचं ते शेतीच्या किंवा मुंबईच्या वाटेने, त्याला निरोप कसला. पणजीला लिसेव (सरकारी हायस्कूल) होतं पण ते पोर्तुगीजातून आणि थोड्यांसाठी. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यानंतर, म्हणजे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात, गावोगाव प्राथमिक मराठी शाळा निघाल्या, मग हायस्कुलं. आपलं गोवा बोर्ड तर १९७५ चं, त्याच्या आधीच्या लोकांच्या एसएससीच्या सर्टिफिकेटवर पुणे बोर्ड असतं, आजोबांना दाखवायला सांगा. त्या काळच्या निरोप समारंभाचं माझे बाबा सांगतात ते एवढंच, हेडमास्तरांनी भाषण केलं, प्रत्येकाला एक पेढा दिला, आणि एका ग्रुप फोटोचे पैसे ज्यांच्याकडे होते ते फोटोत आहेत. बाबा फोटोत नाहीत.

२०२१ च्या बॅचला सेंडॉफ मिळाला नाही, आता केला तर चालेल?

चालेल काय, करा. त्यांची तर परीक्षाच रद्द झाली, ना सेंडॉफ, ना पेपर, ना शर्टावर सह्या, मोबाईलवर मार्क आले आणि संपलं. आमच्या त्या बॅचने नंतर एका रविवारी शाळेत येऊन स्वतःच स्वतःला सेंडॉफ दिला, निवेदन पण त्यांचंच, शेलापागोटे पण. मी एक चिठ्ठी फाडली, सवयीने.

हॉल तिकीट, दही-साखर, देवळातला प्रसाद, हे शाळेने करायचं का?

हॉल तिकीट आम्ही सेंडॉफला देत नाही, हरवतात. ते नंतर वेगळं बोलावून देतो. दही-साखर सेंडॉफला नको, उन्हात आंबतं, ते घरी आईने पेपरच्या दिवशी. प्रसाद पाकळीचं तुम्ही तुमच्या ग्रामदेवतेकडे बघा, देवाच्या अंगावर चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडते का डावीकडून हे बघायला बऱ्याच आया जातात, माझी पण गेली होती. फक्त पोराला बरोबर नेऊ नका, डावीकडची पडली तर त्याचं अर्धं अवसान तिथेच जातं.

माझा मुलगा जायचं नाही म्हणतो. जबरदस्ती करू?

नको. पण कारण काढा. पैसे असतील तर क्लास टीचरला एकटीला सांगा, आम्ही सांभाळून घेतो, कोणाला कळत नाही. कोणी त्रास देत असेल तर ते पण सांगा, चिठ्ठ्या माझ्याकडे असतात. नुसतं लाजत असेल तर त्याला नववीकडून एखादं काम घ्यायला सांगा, स्पीकरजवळ बसायचं वगैरे, अशा पोरांना हातात वायर दिली की बरं वाटतं.

बालरथ किती वाजता सुटतो?

सव्वाला हॉर्न, दीडला निघतो, थांबत नाही, त्याला दुसरी फेरी असते. ड्रायव्हर आणि हेल्परचा केक आणि सामोसा आधी बाजूला काढून ठेवा. गेल्या वर्षी फोटो काढत बसलेली सात जणं राहिली आणि मला माझ्या गाडीतून दोन फेऱ्या मारून ती सोडायला लागली, तीन साड्या आणि एक घुमट मागच्या सीटवर. यंदा वेळेवर निघा, घड्याळ बघत राहा. ऑफिसातलं नको.